अंगठा ते पाटी : संत गाडगेबाबा

विहाराच्या वर्धापन दिनाच्या स्मरणिकेत एका कीर्तनकाराचे चरित्र कशाला, असे वस्तीतील काही मंडळी विचारतील. प्रश्न रास्त आहे. पण गाडगेबाबा कोण होते आणि बाबासाहेबांनी त्यांना एवढा मान का दिला, हे आपल्या लेकरांना कळावे असे आम्हांला वाटते. शिवाय ते आपल्या वऱ्हाडातले. ज्या दापुऱ्यात ते वाढले ते मूर्तिजापूर तालुक्यात, आणि आपल्या कारंज्याहून मूर्तिजापूर काही लांब नाही. शकुंतला गाडी धावत होती तेव्हा जुनी माणसे त्याच वाटेने जात-येत.

देबूजी झिंगराजी जानोरकर हे त्यांचे खरे नाव. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव, परीट घराण्यात. बाप दारूपायी गेला तेव्हा देबू आठेक वर्षांचा होता. पंचशीलातले पाचवे शील आपण रोज म्हणतो. ते मोडले की घराचे काय होते हे या लेकराने उघड्या डोळ्यांनी पाहिले. आई सखुबाई त्याला घेऊन माहेरी दापुऱ्याला आली. देबू शाळेत कधी बसला नाही. ढोरं राखली, मामाच्या वावरात राबला.

पुढची गोष्ट प्रत्येक आईबापाने ध्यानात ठेवावी अशी आहे. मामा चंद्रभानजी साधा कास्तकार. सावकाराच्या कागदावर त्यांनी अंगठा लावला. कागदात काय लिहिले ते वाचणारे घरात कोणी नव्हते. राबून पिकवलेले वावर हातचे गेले आणि त्याच धसक्याने मामाही गेले. सावकार जमिनीचा ताबा घ्यायला आला तेव्हा देबूजी आडवे झाले. पण खरी लढाई अक्षराची आहे हे त्यांच्या मनात तेव्हाच बसले असावे, असे आम्हांला वाटते. कारण पुढे आयुष्यभर त्यांनी लोकांना एकच गोष्ट फिरून फिरून सांगितली : जेवायचे ताट मोडा, हातावर भाकर घेऊन खा, बायकोला लुगडे कमी भावाचे घ्या, पण पोराला शाळेत घातल्याशिवाय राहू नका.

१९०५ साली त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, एका हातात फुटके गाडगे, दुसऱ्या हातात खराटा. गावात शिरले की आधी झाडायचे. रात्री कीर्तन. तेही कसे, तर वऱ्हाडी बोलीत लोकांना प्रश्न विचारायचे आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढायचे. चांगल्या गुरुजींचा वर्ग असाच चालतो. सकाळी गावाची घाण काढायची, रात्री डोक्यातली. नवस, बकरे, दारू, कर्ज, शिवाशिव, काही सोडले नाही. गुरू केला नाही, चेला केला नाही.

लोकांनी दिलेल्या पैशातून नाशिक, पंढरपूर, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. त्यात स्वतःच्या घरच्यांसाठी एक खोली ठेवली नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी १९४९ साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली, शिकणाऱ्या पोरांच्या वसतिगृहासाठी. बाबासाहेब त्या वेळी देशाचे कायदेमंत्री होते. एक जगातल्या मोठमोठ्या विद्यापीठांत शिकलेला, दुसरा पाटीला हात न लागलेला, पण दोघांचे बोलणे शाळेपाशी येऊन जुळत होते. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने १९५४ साली कराडला कॉलेज काढले, त्याला गाडगे महाराजांचेच नाव दिले.

आपल्या जिल्हा परिषद शाळेकडे पाहिले की आम्हांला बाबांची आठवण येते. परिपाठाच्या आधी पोरं पटांगण झाडतात. खिचडीच्या पंगतीला कोणाचे लेकरू कोणाच्या शेजारी बसले हे कोणी पाहत नाही. आपल्या आजोबांच्या पिढीला शाळेच्या दाराबाहेर बसावे लागे, माठाला हात लावता येत नसे. ती पंगत फुकट मिळालेली नाही. आता ज्याला जमते तो पोराला तालुक्याच्या इंग्रजी शाळेच्या गाडीत बसवतो आणि गावच्या शाळेचा पट घसरत चालला आहे. आईबापांना आम्ही दोष देत नाही. त्यांनाही पोराचे भलेच हवे. पण शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला आपल्यातले किती जण जातात? वस्तीतून चार माणसे गेली तर गुरुजींनाही बळ येते, हा आमचा अनुभव आहे.

६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले. त्यानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीला जाताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी गाडगेबाबांनी वाटेतच प्राण सोडला. समाधी अमरावतीत गाडगेनगरला आहे. २००५ साली अमरावती विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. वाशीम जिल्ह्यातल्या कॉलेजातून जो पोरगा किंवा पोरगी पदवी घेते, तिच्या त्या कागदावर वरच्या बाजूला हेच नाव छापलेले असते.