लोखंडाला पालवी फोडणारा : व्हियोले-ल-द्यूक

पॅरिसच्या नोत्र दाम कॅथीड्रलला पश्चिमेकडे तीन भव्य दरवाजे आहेत. त्यांच्या लाकडी फळ्यांवर लोखंडाच्या वेली पसरलेल्या दिसतात. वस्तुतः या वेली म्हणजे दरवाजाचे वजन तोलणाऱ्या बिजागऱ्यांच्या लांब पट्ट्याच होत. उजवीकडच्या, संत ॲनच्या दरवाजावरील काम बाराव्या-तेराव्या शतकांतील आहे. मधल्या दरवाजावरील काम एकोणिसाव्या शतकातील. दोन्हींची छायाचित्रे शेजारी ठेवून मी पुष्कळदा पाहिली, परंतु मध्ये सहाशे वर्षे गेली असतील असे डोळ्यांना पटत नाही. ज्याच्या ध्यासामुळे हे घडले, त्या यूजेन व्हियोले-ल-द्यूक या वास्तुशिल्पीची ओळख करून देण्यासाठी हा लेखनप्रपंच.

त्याचा जन्म पॅरिस येथे २७ जानेवारी १८१४ रोजी झाला. वडील राजवाड्यांच्या देखभालखात्यात अधिकारी आणि ग्रंथप्रेमी. मामा चित्रकार व समीक्षक. लहानपणी एका वृद्ध सेवकाच्या कडेवर बसून तो नोत्र दाममध्ये गेला असता ऑर्गन वाजू लागला. समोरच्या गोल खिडकीतील रंगीत काचाच गात आहेत असे त्या बालकाला वाटले आणि तो घाबरून गेला. ही आठवण त्याने पुढे स्वतः लिहून ठेवली आहे. ते गाणे त्याच्या कानांतून जन्मभर गेले नाही, असे त्याचे चरित्र वाचताना वाटते.

त्या काळी वास्तुशास्त्र शिकायचे म्हणजे पॅरिसच्या सरकारी कलाशाळेत जायचे, आणि तेथे ग्रीक व रोमन इमारतींखेरीज दुसरे दैवत नव्हते. मध्ययुगीन गॉथिक वास्तू म्हणजे रानटी काळातील ओबडधोबड काम, असाच बहुतेक पंडितांचा समज होता. या तरुणाने त्या शाळेत जाण्याचे साफ नाकारले. पाठीवर सामान टाकून तो फ्रान्सभर हिंडला, इटलीलाही जाऊन आला आणि दिसेल ती जुनी वास्तू कागदावर उतरवीत राहिला. १८३१ मध्ये व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीने नोत्र दामकडे लोकांचे लक्ष वेधले होतेच. १८४० साली ऐतिहासिक वास्तूंचा निरीक्षक व प्रसिद्ध कथालेखक प्रॉस्पेर मेरिमे याने वेझले येथील कोसळण्याच्या बेतात आलेले चर्च या अवघ्या सव्वीस वर्षांच्या तरुणाच्या स्वाधीन केले. त्याने ते सावरले.

१८४४ मध्ये लास्यूस या सहकाऱ्याबरोबर त्याच्याकडे नोत्र दामचे काम आले. राज्यक्रांतीच्या काळात, १७९३ मध्ये, दर्शनी भागावरील अठ्ठावीस राजांच्या मूर्तींची डोकी उडविण्यात आली होती. जुना मनोरा त्याच शतकाच्या अखेरीस उतरविला गेला होता, आणि मधल्या दरवाजाचा खांब मिरवणुकीच्या सोयीसाठी त्याआधीच काढून टाकलेला होता. १८५७ मध्ये लास्यूस वारला. पुढचा भार व्हियोले-ल-द्यूकने एकट्याने उचलला आणि १८६४ पर्यंत काम तडीस नेले.

या कामातील बिजागऱ्यांचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. पॅरिसमध्ये एक दंतकथा आहे. बिस्कोर्ने नावाच्या लोहाराला हे काम झेपेना, म्हणून त्याने सैतानाला आत्मा विकला. सकाळी वेली तयार होत्या, पण तीर्थ शिंपडल्याखेरीज दरवाजे उघडेनात! माणसाच्या हातून असे काम होणार नाही, असे लोकांना वाटले म्हणूनच ही कथा जन्मली असावी. व्हियोले-ल-द्यूकने मात्र सैतानाऐवजी भट्टीकडे पाहिले. तापलेले लोखंड ठशात ठोकून एकेक पान, एकेक फूल वेगळे करीत. मग ते देठाला, देठ फांदीला आणि फांदी मूळ पट्टीला तावून जोडीत, हे त्याने ताडले. त्या काळी साच्यातले ओतीव लोखंड स्वस्त होते. ते न वापरता बूलांझे या कसबी लोहाराकडून त्याने मधल्या दरवाजाचे काम जुन्या रीतीने घडवून घेतले.

आमच्या घरी आजोबांपर्यंत लोहारकाम चाले. दोन तुकडे पांढरेशुभ्र तापून ठिणग्या सोडू लागले की क्षणाचाही विलंब न लावता ऐरणीवर घण घालावा लागतो. क्षणभर उशीर झाला तर सांधा धरत नाही, आणि ताव जास्त झाला तर लोखंडच जळते. नांगराच्या फाळाला जिथे ही दक्षता लागते, तिथे नाजूक पाने न जाळता शेकडो सांधे धरणे म्हणजे काय, याची कल्पना मला त्यामुळे करता येते.

१८५४ ते १८६८ या काळात त्याने फ्रेंच वास्तुकलेचा दहा खंडांचा कोश लिहिला. त्यात कमानी व खांबांबरोबर लोहारकामालाही स्थान आहे. गॉथिक वास्तूतील प्रत्येक दगडाला काही ना काही काम नेमून दिलेले असते, हे त्याच्या प्रतिपादनाचे सार. टोकदार कमानी छताचा भार फासळ्यांवरून खाली आणतात, बाहेरचे तिरपे कमानदार आधार तो पेलून धरतात. म्हणून भिंती मोकळ्या होऊन तेथे रंगीत काचा बसविता येतात. बिजागरीची वेलही अशीच. ती शोभा आणते, तशीच फळ्यांनाही एकत्र धरून ठेवते.

त्याच्यावर टीकाही थोडी झाली नाही. जीर्णोद्धार म्हणजे वास्तू पूर्वी कधीही नसेल अशा पूर्ण रूपात उभी करणे, असे तो मानी. इंग्लंडमधील रस्किनला जीर्णोद्धार हाच मुळी विध्वंस वाटे. नोत्र दामच्या सज्जावरील जे विक्राळ प्राणी मध्ययुगीन समजले जातात, ते व्हियोले-ल-द्यूकच्याच कल्पनेतले आहेत. कार्कासॉनचा तट आणि प्येरफाँचा किल्ला येथेही त्याचा हात जरा सैल सुटला, असे मलाही वाटते. जुन्याचा अभ्यास करता करता आपणच जुने झालो, असा भास त्याला होत असावा. मात्र बिजागऱ्यांच्या बाबतीत तो शिष्य राहिला, आणि म्हणूनच तेथे तो मला सर्वांत थोर वाटतो.

१७ सप्टेंबर १८७९ रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्याचे निधन झाले. त्याने १८५९ मध्ये पूर्ण केलेला मनोरा १५ एप्रिल २०१९ च्या आगीत कोसळला. मनोऱ्याच्या पायथ्याचे तांब्याचे पुतळे दुरुस्तीसाठी चारच दिवस आधी उतरविले होते, म्हणून वाचले. त्यांतील संत थॉमसला त्याने स्वतःचा चेहरा दिला होता आणि त्याची नजर वर मनोऱ्याकडे लावली होती. मनोरा नव्या धर्तीचा असावा की जुना, यावर बराच वाद झाला. अखेर त्याच्याच आराखड्याप्रमाणे ओक व शिसे वापरून तो उभारला गेला. छताचे वासे सुतारांनी हातकुऱ्हाडींनी तासले आणि डिसेंबर २०२४ मध्ये कॅथीड्रल पुन्हा खुले झाले.

दरवाजांवरील लोखंडी वेली मात्र त्या आगीतही शाबूत राहिल्या. दगड, लाकूड आणि लोखंड यांना काळ कधी ना कधी गाठतोच. परंतु घडविण्याची रीत जाणणारे हात उरले तर वास्तू पुन्हा उभी राहते. जीर्णोद्धाराच्या नावाखाली जुन्या दगडावर तैलरंगाचे पट्टे ओढण्यापूर्वी, तो दगड कोणी आणि कसा घडविला हे आपण निदान विचारावे, एवढे मला या चरित्रातून घेण्यासारखे वाटते.