एकहाती नदीशोधक : मेजर पॉवेल

जॉन वेस्ली पॉवेल यांचा जन्म १८३४ सालीं अमेरिकेंतील न्यूयॉर्क संस्थानांत झाला. वडील मेथडिस्ट उपदेशक होते. मुलानेंही तोच मार्ग धरावा अशी त्यांची इच्छा. परंतु मुलाचें मन शिंपले, दगड व नद्या यांतच रमे. १८६२ सालीं शायलोच्या लढाईंत पॉवेल यांनीं उजवा हात गमावला. तरी उत्साह गमावला नाहीं. पुढें ते भूगर्भशास्त्राचे अध्यापक झाले.

ता. २४ मे १८६९ रोजीं नऊ सोबती व चार होड्या घेऊन ते ग्रीन व कोलोराडो या नद्यांच्या प्रवाहांत शिरले. एक होडी खडकांवर फुटली; पुष्कळसें अन्न नासलें. शेवटीं तिघे सोबती निराश होऊन पायीं निघाले व मारले गेले. दोनच दिवसांनीं उरलेले सहा जण सुखरूप दरीबाहेर पडले.

प्रवासांत पॉवेल यांस एक कोडें पडलें होतें. उइंटा पर्वताला वळसा न घालतां ग्रीन नदी त्याच्या पोटांतून कां जाते? त्यांनीं उत्तर दिलें, नदी आधींची, पर्वत मागाहूनचा. विळी जागींच असते व भाजी तिच्यावर दाबली जाते. तसाच पर्वत हळूहळू वर आला आणि नदी त्यास चिरीत राहिली. त्या विळीची धार म्हणजे पाण्यांतील वाळू व गोटे. कठीण खडकांत अरुंद दरी होते, मऊ खडकांत खोरें रुंदावतें. उइंटा पर्वत मात्र नदीच्या आजच्या मार्गाहून जुना, असें पुढें सिद्ध झालें. पण मूळ तत्त्व टिकलें. हिमालय चिरणाऱ्या सिंधु व सतलज या नद्या त्याचेंच उदाहरण होत.

१८८१ ते १८९४ पर्यंत ते सरकारी भूगर्भ-खात्याचे प्रमुख होते. कोरड्या पश्चिम प्रदेशांत सर्व जमिनीस पुरेल इतकें पाणी नाहीं, असें त्यांनीं १८९३ सालीं लॉस एंजेलिसच्या परिषदेंत स्पष्ट सांगितलें. श्रोत्यांनीं त्यांची हुर्यो केली. १९०२ सालीं ते वारले. पुढें १९२२ सालीं कोलोराडोचें पाणी वांटतांना तिच्या शक्तीपेक्षां अधिक वांटलें गेलें. आणि २००० सालानंतरच्या अवर्षणांत त्यांचेंच नांव दिलेला प्रचंड जलाशय फार खालावला.

विद्यार्थिमित्रांनो, अचाट धाडसाबद्दल पॉवेल यांची कीर्ति झाली. परंतु लोकांस न रुचणारें सत्य भर सभेंत सांगणें, हें त्याहूनही मोठें धाडस नव्हे काय?