श्रीसंत सावतामहाराज आणि चुकलेली वारी

ज्येष्ठ सरत आला, गावातल्या देवळात दिंडीची तयारी सुरू झाली, वीणा-पताका बाहेर निघाल्या, आणि शिवारात मात्र अजून पेरणी उरकलेली नाही, अशा वेळी उदगीरकडच्या माळकरी शेतकऱ्याच्या जिवाची जी घालमेल होते ती ज्याची त्यालाच ठाऊक. काळ्या रानाला एकदा वापसा आला की तो हातचा सोडता येत नाही. एक मन टाळ घेऊन वाटेला लागतं, दुसरं तिफणीमागं चालतं. कोणाची वारी घडते, कोणाची चुकते. चुकली की आषाढी एकादशीला बांधावर बसून डोळ्यांत पाणी येतं, आणि आपण देवाला अंतरलो की काय, अशी रुखरुख वर्षभर मनाला लागून राहते.

अशी रुखरुख ज्यांना लागली असेल त्या बंधुभगिनींनी श्रीसंत सावतामहाराजांचे चरित्र एकदा स्वस्थपणे मनात आणावे.

सावतोबांचा जन्म शके ११७२, म्हणजे इसवी सन १२५० चा. गाव अरण. सोलापूर जिल्ह्यात माढे तालुक्यात मोडनिंबच्या जवळ हे गाव आहे. त्यांचे आजोबा दैवू माळी मूळचे मिरजेकडील औसे गावचे, असे परंपरा सांगते. आपल्या लातूरजवळचे औसा ते हे नव्हे. दैवू माळी अरणला येऊन राहिले, तिथे मळा धरला आणि पंढरीची वारी धरली. त्यांचा मुलगा परसू, सून नांगिताबाई. या दोघांच्या पोटी सावता जन्मले. तेव्हा घरात वारी आधीपासून होती, भजन होते, तुळस होती. पुढे भेंड गावच्या जनाबाईशी त्यांचे लग्न झाले. विठ्ठल आणि नागाताई ही त्यांची मुले.

तो काळ देवगिरीच्या यादवांचा. सावतोबांच्या उमेदीच्या वर्षांत राजा रामदेवराव गादीवर होता. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. नामदेवराय, गोरोबाकाका, नरहरी सोनार, चोखोबा ही सगळी मांदियाळी त्याच सुमाराची. कोणी मडकी घडवी, कोणी दागिने घडवी. सावतोबा मळा पिकवीत.

आता मळा म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. पण आजच्या पोरांनी मोट पाहिलेली नाही, म्हणून सांगतो. चामड्याची मोट विहिरीत सोडायची, बैलजोडी धावेवरून खाली हाणायची, मोट वर आली की पाणी थारोळ्यात पडायचं, तिथून पाटानं वाफ्याकडं जायचं. एक जण मोटेवर, एक जण दारं धरायला. वाफा भिजला की दारं मोडून पाणी दुसऱ्या वाफ्यात. मोटेगणिक बैलांच्या खांद्याला आणि माणसाच्या हाताला पाण्याचं मोल कळत असे. जितकं ओढलं तितकंच मिळालं, म्हणून वाफाही तितकाच आखायचा. तेव्हा मळ्याचा माळी हा मोजून पाणी देणारा माणूस असे.

आणि पीक? मळ्यात एकच एक पीक कधी नसे. मेथी-कोथिंबीर महिनाभरात काढणीला येते, मुळा त्यामागून, कांद्या-लसणाला चार-पाच महिने लागतात. एका वाफ्यातले निघते तोवर दुसऱ्यातले उगवते. त्यामुळे घरात रोज थोडेथोडे येत राहते, आणि गावालाही रोज ताजे माळवे मिळते. एखाद्या वाफ्यावर कीड पडली तरी सगळा मळा बुडत नाही.

हाच मळा सावतोबांनी अभंगात आणला. त्यांच्या नावावर आज सुमारे ३७ अभंग मिळतात. ते काशिबा गुरव यांनी लिहून ठेवले असे सांगतात. गुरवाने माळ्याचे बोल जपले, हे आपल्या संप्रदायाला शोभणारेच झाले. वाफ्यातल्या भाजीपाल्यात आणि मोटेच्या दोरीत त्यांना विठ्ठल दिसला, हे त्या अभंगांचे सार. त्यात एक गंमत आहे. आज गातात त्या पाठात मिरचीचे नाव येते. पण मिरची हे पीक समुद्रापलीकडचे, पोर्तुगीजांचे पाय १४९८ साली आपल्या किनाऱ्याला लागले त्यानंतरचे. सावतोबांच्या वाफ्यात ती असणे शक्य नाही. गाणाऱ्या पिढ्यांनी आपापल्या मळ्यातले माळवे अभंगात भरले असावे. त्याने अभंग उणा झाला असे मला वाटत नाही. ज्याचा जो वाफा, त्यात त्याचा विठ्ठल, हेच त्यातून दिसते.

जनाबाईंची एक कथा सांगतात. एकदा सासुरवाडीचे पाहुणे आले आणि सावतोबा भजनात इतके रंगले, की पाहुण्यांकडे लक्षच गेले नाही. जनाबाई रागावल्या. प्रपंचातली बाई, तिला चार माणसांत मान राखावा लागतो. तिचा राग काही खोटा नव्हता. सावतोबांनी तिला शांतपणे समजावले, आणि तिचे मन निवळले. घरोघरी हेच घडते, म्हणून ही कथा टिकली. मळा काही एकट्याने होत नाही. खुरपणी, निंदणी, भाजीच्या जुड्या बांधणे, बाजाराला पाटी नेणे, यात घरच्या लक्ष्मीचा हात अर्ध्याहून अधिक असतो, हे आपण कबूल केले पाहिजे.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. परंपरा असे सांगते, की सावतोबा पंढरीला गेले नाहीत. अरणहून पंढरपूर काही फार लांब नाही. चालत्या वारकऱ्याला मुक्कामभर वाट. आजोबांची वारी होती, पायांत बळ होते. तरी ते मळ्यातच राहिले, आणि मळ्यालाच त्यांनी पंढरी मानले.

महिपतीबुवांच्या भक्तविजयात यापुढची कथा आहे. हा ग्रंथ १७६२ साली पूर्ण झाला. त्याच्या दोनच वर्षे आधी, १७६० साली, आपल्या उदगीरची प्रसिद्ध लढाई झाली होती. तोफा-तलवारींच्या त्या धामधुमीत ताहाराबादचा हा कुळकर्णी संतांची चरित्रे लिहीत बसला होता, हेही ध्यानात ठेवण्याजोगे. तर कथा अशी. पैठणचा कूर्मदास हातापायांनी अधू. चालता येत नाही, तरी पंढरीला जायचेच म्हणून तो जमिनीवरून सरपटत, लोळत निघाला. लऊळपर्यंत आला आणि तिथे त्याचे बळ सरले. तेव्हा देव स्वतःच त्याच्या भेटीला निघाले. बरोबर ज्ञानदेव आणि नामदेव. वाटेत अरण लागले. देवाने दोघांना मागे थांबवले आणि ते एकटेच सावतोबांच्या मळ्यात शिरले. म्हणाले, माझ्या मागे दोन चोर लागलेत, मला लपव. सावतोबांना देवाला ठेवायला दुसरी कुठली जागा सुचेना. त्यांनी हातातल्या खुरप्याने आपले पोट चिरले, देवाला आत घेतले आणि वरून वस्त्र बांधले. इकडे नामदेव देवाला शोधत रडत फिरू लागला. अखेर त्याची व्याकुळता पाहून देव बाहेर आले. मग सावतोबांनाही बरोबर घेतले, आणि सगळे लऊळला कूर्मदासाकडे गेले.

मंडळी, या कथेत खुरपे आणि पोट यांकडे आपले लक्ष आधी जाते. पण थोडे पुढे बघा. एकाच फेरीत देव दोघांना भेटले. एक तो, ज्याला पाय नव्हते आणि तरी जो वारीला निघाला. दुसरा तो, ज्याला पाय होते आणि जो मळा सोडून गेला नाही. देवाने दोघांत उणे-अधिक केले नाही. ज्याला वाटेची ओढ लागली त्याला तो वाटेत भेटला. ज्याने आपले काम देवाचे म्हणून धरले त्याला तो कामात भेटला. वारीला निघणाऱ्याने मळेकऱ्याला हिणवू नये, आणि मळेकऱ्याने वारी थोर नाही असे म्हणू नये, असा या कथेचा निवाडा आहे.

मात्र एक सावधगिरी हवी. सावतोबांचे नाव घेऊन कोणी चावडीवर विडी ओढत बसेल आणि म्हणेल की मलाही पंढरीला जायचे कारण नाही, तर ते चालणार नाही. सावतोबा घरी राहिले ते आळसाने नव्हे. पहाटे मोट धरणारा, हातात खुरपे आणि मुखात नाम असणारा तो माणूस होता. शेत नीट न करणाऱ्याला त्यांचा आधार घेता येत नाही.

शेत नीट करणे म्हणजे तरी काय? आपल्या लातूर जिल्ह्याने त्याचा धडा फार महाग शिकला आहे. १२ एप्रिल २०१६ ला पहाटे मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. दहा वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर पाणी. दैवू माळी ज्या मिरजेच्या मुलखातून आले तिथलेच ते पाणी, आणि ते पंढरपूर, मोडनिंब, कुर्डुवाडी या वाटेने, म्हणजे सावतोबांच्या गावाजवळूनच आपल्याकडे आले. रेल्वेने पाणी प्यावे लागावे अशी पाळी आपल्यावर का आली? पाऊस दगा देतो हे खरे. पण मोजून पाणी देणारा माळी आपल्यातून गेला, हेही खरे. बोअर शेकडो फूट खाली गेली, जिथे पाणी लागले तिथे ऊस लागला, आणि कोरडवाहू रानात सोयाबीनच सोयाबीन झाले. पूर्वी ज्वारीत तुरीच्या ओळी असत, मूग-उडीद असे, कडेला करडई असे. देवणीच्या बैलांना त्याच रानातली वैरण मिळे आणि त्यांचे शेण त्याच रानात परत जाई. आज शेतकऱ्याच्या घरीच कोथिंबिरीची जुडी बाजारातून येते, ही गोष्ट सावतोबांना कशी सांगावी?

सोयाबीन टाकून द्या, असे मी म्हणत नाही. ज्याला त्याला देणे-घेणे आहे, पोरांच्या शाळा आहेत. पण विहिरीजवळ दोन-चार गुंठे तरी माळव्याला ठेवता येतील. मेथी, कांदा, लसूण, वांगी, बांधावर चवळी. घरचे शेणखत घालावे, पाणी मोजून द्यावे, घरात लागेल ते घरात, उरेल ते शेजारी किंवा आठवड्याच्या बाजारात. त्या दोन गुंठ्यांत काम करताना नाम घ्यावे. एवढेही केले तरी घरात एक लहानसे अरण झाले असे समजावे.

सावतोबांनी शके १२१७ मध्ये, म्हणजे १२९५ साली, आषाढ वद्य चतुर्दशीला देह ठेवला. वय अवघे पंचेचाळीस. पुढच्याच वर्षी आळंदीला ज्ञानोबांची समाधी झाली, आणि त्याच वर्षी देवगिरीवर परचक्र आले. राज्ये गेली, अरणचा मळा राहिला. तिथेच त्यांची समाधी आहे. आणि आपल्या संप्रदायात आजही एक अपूर्व रीत चालते. आषाढीला सगळ्या संतांच्या पालख्या पंढरीला जातात. सावतोबांची जात नाही. उलट त्यांच्या पुण्यतिथीच्या सोहळ्याला पांडुरंगाचीच पालखी पंढरपूरहून अरणला येते.

आषाढी एकादशीनंतर साधारण अठरा दिवसांनी ही पुण्यतिथी असते. तोवर आपल्याकडे पेरणी उरकलेली असते, कोळपणी-खुरपणीतून एखादा दिवस काढता येतो. लातूरहून रेल्वेने कुर्डुवाडी आणि तिथून मोडनिंब, की अरण जवळच. तेव्हा यंदा पेरणीपायी ज्याची वारी चुकेल, त्याने मनाला लावून घेऊ नये. वाफसा साधावा, बी मातीआड करावे, आणि मग अरणला जावे. शेतात राहिलेल्याला भेटायला देव त्या दिवशी स्वतः तिथे आलेला असतो.

रामकृष्ण हरि.