विश्लेषण : परीक्षेच्या दारातून परत पाठवलेले धोंडो केशव कर्वे पुढे उभे कसे राहिले?

हिंजवडी आणि माण ही माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांची गावे मुळशी तालुक्यात येतात. राज्यभरातून मुलाखतीसाठी तरुण तिथे येतात आणि त्यातले बरेच जण नकार घेऊन परततात. याच तालुक्याच्या पौडहून पुण्याकडे निघालेला रस्ता पौड फाट्याला ज्या रस्त्याला मिळतो, त्याला महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे नाव आहे. स्त्रीशिक्षणाचे कार्य करणारे, ‘भारतरत्न’ कर्वे सर्वांना ठाऊक आहेत. मात्र पहिल्या नोकरीच्या पात्रतेसाठी धडपडणारे, चारचौघांत तोंड उघडायला कचरणारे कर्वे फारसे सांगितले जात नाहीत.

साताऱ्यात काय घडले?

कर्वे यांचा जन्म 18 एप्रिल 1858 चा. घर दापोलीजवळच्या मुरूडचे, परिस्थिती बेताची. त्या काळी मराठी सहावीची सरकारी परीक्षा उत्तीर्ण झाली, की प्राथमिक शिक्षक किंवा कारकून होण्याचा मार्ग खुला होई. परीक्षेला बसायला 17 वर्षे पूर्ण असणे आवश्यक होते. 1875 च्या सप्टेंबरमध्ये कर्वे सोबत्यांबरोबर साताऱ्याला निघाले. पावसाळी हवेमुळे समुद्रमार्गे मुंबई गाठता येत नव्हती, म्हणून सह्याद्री ओलांडून शंभराहून अधिक मैलांची पायपीट झाली. परीक्षा समितीसमोर उभे राहिल्यावर मात्र ते 17 वर्षांचे दिसत नाहीत, असे कारण देऊन त्यांना बसूच दिले गेले नाही.

वय खरे तर पूर्ण झाले होते. अंगकाठीच लहान होती. अभ्यास कमी पडून नापास होणे वेगळे आणि चेहरा पाहून बाजूला काढले जाणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात दुरुस्त करण्यासारखे उमेदवाराच्या हातात काहीच नसते. अशा वेळी वाद घालणारा मुलगा कदाचित आत गेलाही असता. कर्वे मुळात अत्यंत बुजरे. आलेल्या वाटेने ते परत फिरले. पुढच्या वर्षी कोल्हापूर केंद्रावरून ते हीच परीक्षा उत्तीर्ण झाले.

मग लगेच नोकरी का धरली नाही?

पात्रता मिळाली होती, तरी त्यांनी इंग्रजी शिकायचे ठरवले. त्यामुळे वयाने लहान मुलांच्या वर्गात बसावे लागले. मॅट्रिक झाले 1881 मध्ये, म्हणजे तेविसाव्या वर्षी. तोवर लग्न झालेले होते. पुढे मुंबईत विल्सन आणि मग एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकून 1884 मध्ये गणित घेऊन ते बी. ए. झाले. खर्च भागवण्यासाठी शिकवण्यांचा आधार होता. नंतरही मुंबईत शाळांतले तास आणि घरोघरच्या शिकवण्या असा त्यांचा दिवस भरलेला असे.

कर्वे यांच्या आत्मविश्वासाचा पाया शोधायचा तर तो या शिकवण्यांत सापडतो. सभेत उभे राहून बोलण्याची भीती त्यांना होतीच; समोर पाटी-पेन्सिल घेऊन बसलेला एक विद्यार्थी असला, की ती आड येत नसे. गणित येते आणि ते दुसऱ्याला समजावता येते, याचा रोजचा पुरावा त्यांच्याकडे जमत गेला. लहानपणी मुरूडला सोमण गुरुजींनी त्यांना गावकऱ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायला बसवले होते. त्या सवयीचाही उपयोग झाला असावा.

फर्ग्युसनची संधी कशी आली?

1890 मध्ये लोकमान्य टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले आणि फर्ग्युसन महाविद्यालयाला गणिताच्या प्राध्यापकाची गरज भासू लागली. गोपाळ कृष्ण गोखले यांनी कर्वे यांना बोलावले. दोघेही 1884 चे एल्फिन्स्टनचे पदवीधर. कर्वे यांनी अर्ज केला नव्हता, ओळख आणि कामाची कीर्ती पुरेशी ठरली. तरीही आपल्याला महाविद्यालयात शिकवणे झेपेल का, अशी शंका त्यांना आलीच. कारण त्यांच्या नावापुढे एम. ए. नव्हते. शंका मिटेपर्यंत ते थांबले नाहीत. नोव्हेंबर 1891 मध्ये रुजू झाले आणि 1914 पर्यंत तिथे गणित शिकवत राहिले. त्याच वर्षी, 1891 मध्ये, पत्नी राधाबाई यांचे निधन झाले होते.

बुजरेपणा गेला का?

पूर्ण गेला नाही. 1893 मध्ये त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाई या विधवेशी विवाह केला. मुरूडकरांनी बहिष्कार टाकला, तेव्हा त्यांनी भांडण केले नाही की माघारही घेतली नाही. 1896 मध्ये विधवांसाठी आश्रम काढल्यावर तर अनोळखी दारांत उभे राहून वर्गणी मागणे हेच काम झाले. बुजऱ्या माणसाला याहून कठीण काही नसते. स्वतःसाठी जे मागता आले नाही, ते त्यांनी इतरांसाठी गावोगाव हिंडून मागितले. आश्रम 1900 मध्ये हिंगण्यातल्या झोपडीत गेला. महाविद्यालयातले तास संपवून कर्वे तिथे रोज पायी जात. तेव्हा नीट रस्ताही नव्हता.

महिला विद्यापीठ 1916 मध्ये सुरू झाले. भारतरत्न मिळाले 1958 मध्ये, शंभरी पूर्ण झाली त्या वर्षी. साताऱ्याच्या समितीला सतरा वर्षांचे न वाटलेले कर्वे 9 नोव्हेंबर 1962 रोजी निवर्तले, तेव्हा त्यांचे वय 104 होते.