स्वयंभू गंधाराचे उपासक

किराणा घराण्याचे अध्वर्यू उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची सारी गायकी कानावर उभी होती. उत्तर प्रदेशातील कैराना येथे १८७२ मध्ये त्यांचा जन्म झाला. बडोदा दरबारी सेवा करून पुढे त्यांनी मिरज ही आपली कर्मभूमी मानली. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल तेव्हा तारेच्या लांबीवरून बावीस श्रुतींचे गणित मांडत होते. त्या श्रुती गळ्यातून दाखवून देण्याचे काम खाँसाहेबांनी केले. देवलांचा ग्रंथ १९१० मध्ये प्रसिद्ध झाला.

स्वरांतरांची ही जाण तंबोऱ्यातून येते. जोडाच्या तारा तंतोतंत मिळाल्या, की खर्जाच्या तारेतून न छेडलेला गंधार ऐकू येतो. तो ऐकू येईपर्यंत तंबोरा जुळवीत राहणे, हीच कानाची तालीम होय. १९१३ मध्ये खाँसाहेबांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय स्थापन केले. सवाई गंधर्व हे त्यांचे पट्टशिष्य.

ऑक्टोबर १९३७ मध्ये पाँडिचेरीच्या वाटेवर छातीत कळा येऊ लागल्याने ते सिंगपेरुमाळकोईल स्थानकावर उतरले. तेथेच तंबोरा जुळवून त्यांनी प्रार्थना गायिली आणि देह ठेवला. अखेरच्या घटकेसही सूर मिळविण्याचा नेम चुकला नाही.