पुण्याची विद्या, लंडनचे शल्यचिकित्सक

जोसेफ कार्प्यू यांचा जन्म १७६४ मध्ये लंडनमधील एका कॅथलिक कुटुंबात झाला. त्यांनी धर्मगुरू व्हावे असे घरच्यांना वाटत होते. पुस्तकविक्री, वकिली, रंगभूमी असे सगळे विचार करून झाल्यावर ते अखेर शल्यचिकित्सक झाले. शरीररचनाशास्त्राचे शिक्षक म्हणून त्यांनी नाव कमावले. पण आज ते लक्षात राहिले आहेत ते एका नाकामुळे, आणि त्या नाकाची मुळे पुण्यात आहेत.

ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये एक पत्र छापून आले. इंग्रज फौजेतील कावसजी हा मराठा गाडीवान १७९२ च्या युद्धात टिपू सुलतानाच्या हाती सापडला. त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभराने पुण्याजवळ, विटा पाडणाऱ्या समाजातील एका कारागिराने त्याला नवे नाक करून दिले. मेणाचे नाक घडवून ते सपाट केले, कपाळावर ठेवून आखणी केली आणि तेवढी त्वचा सोडवली. दोन भुवयांमधला देठ मात्र जोडलेलाच ठेवला. मग ती त्वचा पिळून खाली वळवली, नाकाच्या जागी बसवली आणि काताचा लेप लावला. सुमारे २५ दिवसांनी देठ कापला.

सारे मर्म त्या देठात आहे. नव्या जागी रक्तवाहिन्या तयार होईपर्यंत त्वचेला रक्त तिथूनच मिळते. देठ आधीच तुटला, तर त्वचा काळी पडून मरते.

कार्प्यू यांनी ही पद्धत विद्यार्थ्यांना शिकवली, मृतदेहांवर तिचा सराव केला. २३ ऑक्टोबर १८१४ रोजी त्यांनी एका लष्करी अधिकाऱ्यावर ती वापरली. भूल देण्याची सोय तेव्हा नव्हती. नाक जगले. दुसरा रुग्ण अल्बुएराच्या लढाईत चेहऱ्यावर तलवारीचा वार झेललेला अधिकारी होता. १८१६ मध्ये कार्प्यू यांनी दोन्ही शस्त्रक्रियांवर पुस्तक लिहिले आणि ही विद्या भारतातली आहे, हे त्यात मोकळेपणाने नोंदवले. पुढे ही पद्धत युरोपभर गेली. जानेवारी १८४६ मध्ये ते वारले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ईथरच्या भुलेचे जाहीर प्रात्यक्षिक झाले.

त्वचेच्या कर्करोगात किंवा अपघातात नाक गमावलेल्यांसाठी कपाळाची त्वचा आजही वापरतात. साधारण तीन आठवडे भुवईपासून नाकापर्यंत मांसल देठ दिसत राहतो. आरशात तो पाहून रुग्ण घाबरतात, घरचे नजर चुकवतात. त्यांना आधीच सांगायला हवे, की हा देठच नाक जगवतो आहे. तेवढे दिवस धीर धरा.

कार्प्यू यांचे नाव पुस्तकांत राहिले. पुण्याजवळच्या त्या कारागिराचे नाव मात्र त्या पत्रात कुणी लिहिलेच नाही.