हॅमिल्टनबाई आणि बेन्झीन

व्हायवाला एक्स्टर्नल सरांनी मला बेन्झीनचा बॉइलिंग पॉइंट विचारला. ८०.१ अंश, मी फाडकन सांगितलं. डेन्सिटी सांगितली, टोल्युईनपासून ते वेगळं कसं करतात तेही कॉलमची आकृती काढून दाखवलं. मग सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, या कॉलमचा गळका व्हॉल्व्ह जो माणूस रोज घट्ट करायला जातो, त्याचं पुढे काय होतं? मी म्हटलं, चक्कर येते सर. पुढे? पुढे मी गप्प. मार्क बरे पडले, पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. त्याचं उत्तर शोधायला म्हणून लायब्ररीच्या मागच्या रॅककडे गेलो, आणि तिथे ज्या पुस्तकाला हात लावावा त्यात एकच नाव सारखं भेटायला लागलं: डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन.

बाईंचा जन्म २७ फेब्रुवारी १८६९ चा, न्यूयॉर्कमधला. बालपण मात्र इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेन या गावी गेलं. घर खाऊन-पिऊन सुखी, पुस्तकांनी भरलेलं. (ग्रीक पुराणकथांवर लिहिणाऱ्या प्रसिद्ध एडिथ हॅमिल्टन त्या यांच्या थोरल्या बहीण.) १८९३ मध्ये मिशिगन विद्यापीठातून त्या डॉक्टर झाल्या. पुढे जर्मनीत लाइपझिग आणि म्युनिकला शिकायला गेल्या. तिथे बायकांना वर्गात बसू देत, पण अट अशी की कुणाच्या नजरेत येता कामा नये. असल्या अटी बाईंना आयुष्यभर पुरल्या, त्या पुढे येतीलच.

१८९७ मध्ये त्या शिकागोला आल्या आणि हल हाउसमध्ये राहू लागल्या. जेन अ‍ॅडम्स यांनी परदेशातून आलेल्या गरीब कामगारांच्या वस्तीत चालवलेलं हे घर. आपल्या होस्टेलसारखंच समजा, फक्त इथे शेजारच्या बायका-पोरं कधीही दार ठोठावत. दिवसा प्रयोगशाळा, संध्याकाळी वस्तीतल्या तान्ह्या बाळांचा दवाखाना. असं बावीस वर्षं.

१९०२ साली शिकागोत टायफॉइडची साथ आली. बाईंनी माश्या पकडून तपासल्या आणि उघड्या संडासांवरच्या माश्यांमुळे साथ पसरली असा निष्कर्ष काढला. खूप वाहवा झाली. नंतर कळलं, खरं कारण पिण्याच्या पाण्यात सांडपाणी शिरलं हे होतं आणि आरोग्य खात्याने ते दाबून ठेवलं होतं. बाईंनी आपल्या आत्मचरित्रात ही चूक सरळ लिहून टाकली आहे. मला हे सगळ्यात आवडलं. आपण एक रीडिंग चुकलं तरी जर्नलमध्ये ग्राफ सरळ येईपर्यंत आकडे ‘अ‍ॅडजस्ट’ करतो!

त्याच वर्षी त्या शिकागोच्या मेमोरियल इन्स्टिट्यूट फॉर इन्फेक्शस डिसीझेसमध्ये रुजू झाल्या. प्रमुख होते लुडविग हेक्टोएन. हे नाव लक्षात ठेवा. तिथे बाईंनी घशातले जंतू बोलताना, खोकताना थुंकीच्या बारीक थेंबांतून कसे उडतात ते दाखवलं, आणि ऑपरेशन करताना डॉक्टरांनी तोंडाला मास्क बांधावा असं १९०५ मध्ये सुचवलं.

पण वस्तीतली माणसं निव्वळ जंतूंनी आजारी पडत नव्हती. कुणाच्या मनगटातली ताकद जाऊन पंजा लोंबकळायचा, कुणाच्या पोटात पिळवटून कळा यायच्या. हे शिसं. अमेरिकेत तेव्हा सगळे समजत की असले रोग युरोपात होतात, आपले कारखाने स्वच्छ. १९१० मध्ये इलिनॉय राज्याने पाहणी करायचं ठरवलं आणि काम बाईंकडे आलं. कारखान्यात शिरण्याचा कायदेशीर अधिकार शून्य. बाई दारावर जाऊन नम्रपणे परवानगी मागत, फिरत, आणि मग कामगारांच्या घरी जात, कारण साहेबासमोर कामगार बोलत नाही. बाथटबला एनॅमल चढवणाऱ्या एका पोलिश माणसाला शिसं बाधलं होतं. कारखान्यात बघावं तर सगळं ठीक. घरी गेल्यावर कळलं की खरं काम दुसऱ्याच जागी चालतं. लालबुंद तापलेल्या टबवर एनॅमलची पूड शिंपायची, आणि तीच पूड नाकातोंडात. सर्वेक्षणात शिसं वापरणाऱ्या सत्तरहून जास्त प्रक्रिया सापडल्या. १९११ मध्ये इलिनॉयने कायदा केला, आणि केंद्र सरकारने बाईंना देशभर फिरायला पाठवलं.

आता बेन्झीनकडे येतो. पहिल्या महायुद्धाआधी अमेरिकेत ते फारसं तयार होत नसे. युद्धात स्फोटकांसाठी टोल्युईन आणि फिनॉल हवं म्हणून कोक ओव्हनमधून निघणारं बेन्झीन, टोल्युईन गोळा करणं सुरू झालं. युद्ध संपलं, बेन्झीन ढिगाने उरलं. मग ते रबराच्या सोल्युशनमध्ये, नकली चामड्यात, लॅकरमध्ये सॉल्व्हंट म्हणून गेलं. स्वस्त, पटकन उडणारं. उडून जातं कुठे, तर काम करणाऱ्याच्या फुफ्फुसात.

धोका कळलेला नव्हता असं नाही. १९१० मध्येच बाल्टिमोरला डॉ. सेलिंग यांनी डब्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या मुलींच्या केसेस नोंदवल्या होत्या: अंगावर जांभळे डाग, रक्तस्राव, रक्तातल्या पांढऱ्या पेशी जवळजवळ संपलेल्या. इतक्या संपतात म्हणून काही डॉक्टरांनी तर १९१२ पासून ल्युकेमियावर औषध म्हणून बेन्झीन देऊन पाहिलं! आणि १९१६ मध्ये त्याच हेक्टोएन यांनी पुढचा प्रश्न विचारला. पेशी कमी होतात ते ठीक, पण अँटीबॉडीजचं काय? जनावरांना बेन्झीन देऊन पाहिलं, तर बाहेरच्या पदार्थाविरुद्ध शरीराने ज्या अँटीबॉडीज बनवायला हव्यात त्या खूपच कमी बनल्या. म्हणजे सैनिकही मेले आणि दारूगोळ्याचा कारखानाही बंद.

हे का होतं ते आता बरंच कळलंय. बेन्झीन स्वतः एवढं वाईट नाही. लिव्हर त्याचं ऑक्सिडेशन करून फिनॉल, हायड्रोक्विनोन वगैरे बनवतं, बाहेर टाकायला सोपं जावं म्हणून. पण हे पदार्थ हाडांच्या मगजात जातात आणि तिथल्या एन्झाइममुळे त्यांचं क्विनोन होतं. क्विनोन म्हणजे भलतंच रिअ‍ॅक्टिव्ह, प्रोटीनला चिकटतं, डीएनए मोडतं. ज्या मूळ पेशींपासून सगळं रक्त बनतं त्यांनाच मार. अँटीबॉडी बनवणाऱ्या बी पेशीही तिथलीच पैदास. माणूस मग साध्या न्यूमोनियाने जातो, आणि सर्टिफिकेटवर न्यूमोनियाच लिहिलं जातं.

हॅमिल्टनबाईंनी १९२२ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये बेन्झीनच्या वाढत्या धोक्यावर लेख लिहिला. तोवर त्या हार्वर्डमध्ये होत्या. १९१९ मध्ये हार्वर्डच्या इतिहासातली पहिली बाई प्राध्यापक म्हणून त्यांना घेतलं, कारण या विषयात त्यांच्या तोडीचा पुरुष मिळाला नाही. अटी तीन: फॅकल्टी क्लबमध्ये यायचं नाही, फुटबॉलची तिकिटं मागायची नाहीत, पदवीदानाच्या मिरवणुकीत चालायचं नाही. १९३५ मध्ये रिटायर झाल्या तेव्हाही असिस्टंट प्रोफेसरच. प्रमोशन नाही! (स्टाफरूममध्ये हा परिच्छेद मोठ्याने वाचला जाईल याची खात्री आहे.)

१९२५ च्या मे महिन्यात पेट्रोलमध्ये शिसं मिसळावं का यावर वॉशिंग्टनला परिषद झाली. बाईंनी विरोध केला. हरल्या. भारतात शिशाचं पेट्रोल २००० साली बंद झालं आणि जगातून शेवटचं, अल्जीरियातून, २०२१ मध्ये. छोट्या हारीची लांबी ९६ वर्षं.

बाई गेल्या २२ सप्टेंबर १९७० रोजी, वयाच्या १०१ व्या वर्षी. तीनच महिन्यांनी, २९ डिसेंबरला, अमेरिकेत कामगार सुरक्षेचा केंद्रीय कायदा झाला. त्याखाली बेन्झीनची मर्यादा आधी हवेत १० पीपीएम होती. १९७८ मध्ये १ पीपीएम केली, ती १९८० मध्ये सुप्रीम कोर्टाने रद्द केली, १९८७ मध्ये पुन्हा आली. आणि २००४ मध्ये चीनमधल्या तिआनजिनच्या बूट कारखान्यांतल्या २५० कामगारांचं रक्त तपासलं, तेव्हा १ पीपीएमच्या खाली काम करणाऱ्यांच्याही पांढऱ्या पेशी इतरांपेक्षा कमी निघाल्या. बुटाचा तळ चिकटवायचा गोंद, त्यात बेन्झीन.

एक्स्टर्नल सर पुन्हा भेटले तर त्यांना एवढं सगळं सांगायला निदान अर्धा तास लागेल. आणि व्हायवा पाच मिनिटांची असते.